तेरणाचा भोंगा वाजला, पुढं काय?

मंडळी, ढोकीचा तेरणा कारखाना सहकारी म्हणून चालायचा तेव्हा सभासद वार्षिक सभेत उभा राहून चेअरमनला जाब विचारू शकायचा. आता तो भाड्यानं चालतोय. बंद धुराड्यापेक्षा हे कधीही बरं. पण आता जाब विचारायचा कुणाला?

कामगाराचं बघा. ग्रॅच्युइटी कायम कामगाराला वर्षामागं 15 दिवसांच्या पगाराची, हंगामी कामगाराला हंगामामागं फक्त 7 दिवसांची. नुसतं गाळप असेल तर काम चार-पाच महिनेच. इथेनॉल प्रकल्प जोडला तर हंगाम संपल्यावरही हाताला काम राहतं.

म्हणून उसाच्या भावासोबत हेही विचारा: कायम किती, ठेकेदाराकडं किती? आणि जुन्या कामगारांची थकीत देणी कधी?