मागचा दिवा आधी

कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भल्या पहाटे सायकलवर दिसणारा माणूस सहसा हौसेखातर बाहेर पडलेला नसतो. तो दूधवाला असतो, घरोघर वृत्तपत्रे टाकणारा असतो किंवा रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार असतो. यांच्या कित्येक सायकली विनादिवा धावतात, आणि त्याचे खापर स्वाराच्या बेफिकिरीवर फोडून आपण मोकळे होतो. वस्तुतः प्रश्न खिशाचा आहे, आणि काही अंशी चुकीच्या निवडीचा.

दिवा घ्यावयाचा म्हटला की पुढचा, झगझगीत दिवाच प्रथम घेतला जातो. परंतु जेथे रस्त्यावर पालिकेचे दिवे आहेत तेथे स्वाराला रस्ता दिसण्याहून स्वार इतरांना दिसणे अधिक निकडीचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारा ट्रक दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर कापतो. घोडबंदर रस्त्यावर रात्री सायकल हाकणाऱ्यास हे आकडे सांगावे लागत नाहीत. तेव्हा पहिला रुपया मागच्या तांबड्या दिव्यावर आणि परावर्तकावर खर्च व्हावा. पुढचा दिवा त्यानंतर, आणि तोही समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली झुकवलेला.

किंमत आणि खर्च या दोन गोष्टी भिन्न होत. बटणाएवढ्या सेलवर चालणारा दिवा दुकानात सर्वांत स्वस्त. पण रोज वापरणाऱ्यास ते सेल वारंवार बदलावे लागतात, आणि थोड्याच काळात सेलांचा खर्च दिव्याच्या किमतीला मागे टाकतो. मग तो दिवा विझलेलाच सायकलीला लटकत राहतो. मोबाईलच्या चार्जरवर चालणारा दिवा घेताना महाग वाटतो, पण नित्य वापरात तोच स्वस्त पडतो. जुन्या डायनॅमोला तर सेलच नको. मात्र पावसात तो टायरवरून घसरतो आणि सायकल थांबताच, नेमका चौकात, विझतो.

तरीही हा हिशेब एकट्या स्वाराने का करावा? पहाटेच्या अंधारातील धोका तो पत्करतो, आणि दूध व वर्तमानपत्र वेळेवर मिळते ते आपल्याला. रखवालदाराला गणवेश व शिट्टी देणाऱ्या कंत्राटदाराने आणि पोरांकडून अंक वाटून घेणाऱ्या विक्रेत्याने आपल्या खर्चाच्या यादीत एक तांबडा दिवा घालावयास हरकत नसावी.