मुरमाच्या भावात विहीर



नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, आपल्या जिल्ह्यात वैजापूर, गंगापूर आणि छत्रपती संभाजीनगर तालुक्यांतून गेलेला. रस्त्याला आमचा विरोध नाही. माल लवकर पोचेल. भाव मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण रस्त्याचा भराव आणि खडी आभाळातून पडत नाही. ती कोणाच्या तरी शिवारातून, कोणाच्या तरी टेकडीतून येते. समृद्धी झाला म्हणून काम थांबलेले नाही; शहर वाढते आहे, वसाहती वाढताहेत, हायवा रात्रंदिवस पळताहेत.

मागे वैजापूरकडच्या एका बैठकीनंतर एका शेतकऱ्याने आम्हाला त्याचे रान दाखवले. तीन एकरांतला एक एकर म्हणजे नुसता खड्डा. आमचे तोंड वाकडे झाले असावे, कारण तो लगेच म्हणाला, "साहेब, कापसानं दहा वर्षांत दिलं नाही ते मुरमानं पंधरा दिवसांत दिलं." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. ज्याचा पिकाचा खर्च निघत नाही त्याने जमिनीचे पोट विकले, म्हणून त्याला शहाणपण शिकवायला आम्ही निघालो नाही. प्रश्न एवढाच की त्याने नेमके काय विकले, आणि कोणत्या भावाने.

हिशोब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दहा फूट खोदले तर ४,३५६ ब्रास. सरकारने २०२१ मध्ये स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये केले. म्हणजे त्या एका एकरावर सरकारचा हक्क २६ लाख १३ हजार ६०० रुपयांचा. शेतकऱ्याला ब्रासला शंभर मिळाले असे धरले तरी साडेचार लाखही होत नाहीत, आणि तेही एकदाच. जमीन त्याची, सातबारा त्याचा, पण खालचा दगड-मुरूम महसूल अधिनियमाच्या ४८व्या कलमाने सरकारचा.

आता पाण्याचा हिशोब. शेतकीच्या शिक्षणात आम्ही मुरमाला हलकी जमीन म्हणून नाक मुरडायला शिकलो. ज्वारी मुरमावर जोमाने येत नाही हे खरे, पण आपल्याकडे पाणी मुरमातच असते. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड आणि शेवटी काळा पाषाण, ज्यात पाणी शिरत नाही. सातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जिथे टिकतो ती जागा मुरमाची आणि भेगांची. शंभर भागांत दोन-तीन भाग पाणी एवढीच त्याची ताकद. तरी त्या दहा फूट जाड एका एकरात एका भरणीला अडीच ते पावणेचार लाख लिटर पाणी मावत होते. एका एकराला दोन इंचांचे एक संरक्षित पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. बोंडे भरताना पावसाने दडी मारली तर हेच एक पाणी पीक वाचवते. आणि पावसाळ्यात मुरूम एकदाच भरत नाही.

काही जण म्हणतात, खड्ड्यात पाणी साठेल, आयते शेततळे झाले. साठते, पण उघड्या पाण्याची वर्षाला पाच-सहा फूट वाफ होते. शिवाय खड्डा वरच्या अंगाच्या विहिरीचे पाणी आपल्याकडे ओढतो. माझ्या शेताचा मालक मी, हे आपण सारे मानतो. पण झऱ्याला बांध कळत नाही.

खडीची खाण याहून वाईट. खडीला पाषाण लागतो, म्हणून खाण विहिरींच्या तळाखाली जाते. काम चालू ठेवायला पंप लावून पाणी उपसतात, आणि ते पाणी आजूबाजूच्या विहिरींचे असते. सुरुंगाने बांधकामाला तडे जातात. क्रशरची धूळ पानावर बसली की पान अन्न कमी करते, फुटलेल्या बोंडाची प्रत उतरते, आणि धुळीचा कडबा बैल नाइलाजानेच खातो.

कायदे नाहीत असे नाही. पाच हेक्टरांच्या आतल्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले. २८ मार्च २०२०ला, देश टाळेबंदीत असताना, केंद्राने रस्त्यांसाठी साधी माती काढायला मंजुरीतून सूट दिली. किती माती, याला मर्यादाच नव्हती. ती सूट न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. महसूल अधिनियमात विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण ठेकेदार पुढच्या गावी निघून जातो आणि दंडाचा बोजा जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर चढतो. परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय यंत्र रानात उतरू देऊ नका, मग ठेकेदार कितीही ओळखीचा असो.

भराव दुसरीकडून मिळत नाही, हेही खोटे. बुलढाणा जिल्ह्यात तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाला वापरली गेली. रस्ता झाला, पाणीही साठले. इथेही आधी गाळाने भरलेले तलाव उपसा, मग आमच्या रानाकडे या, असा ठराव ग्रामसभेत करता येतो.

खाणीमुळे विहीर आटली म्हणून अर्ज केला की साहेब विचारतात, आधी पाणी किती होते? इथे आपण हरतो, कारण कोणी लिहिलेले नसते. म्हणून खाणीच्या आसपासच्या प्रत्येक विहिरीत दर महिन्याच्या १ तारखेला, मोटार सुरू करण्याआधी, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. तारीख, फूट, आणि त्या महिन्यात सुरुंग किती दिवस उडाले ते वहीत लिहा. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊन या.