प्रयोगशाळा दुरून, पण खरी

इलेक्ट्रॉनिक्सचे प्रॅक्टिकल कसे चालते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकदा खासगीत विचारून पाहावे. अनेक महाविद्यालयांत एका टेबलाभोवती चार-पाच जण आणि त्यांच्यात एक सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, असतो. बटणे एकजण फिरवतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. दोन तासांनी प्रयोगशाळेला कुलूप लागते. ज्याचा हात प्रोबला एकदाही लागला नाही, त्याचेही जर्नल वेळेत पूर्ण होते. महागामोलाची उपकरणे मात्र रात्रभर आणि सुट्टीभर बंद पडून राहतात.

ही उपकरणे दुरून वापरता येतात, हे सिद्ध होऊन पंचवीस वर्षे उलटली. अमेरिकेत एमआयटीमध्ये हेसूस देल आलामो यांनी १९९८ मध्ये ट्रान्झिस्टरची वैशिष्ट्ये इंटरनेटवरून मोजण्याची सोय केली. स्वीडनमधील ब्लेकिंगे तंत्रज्ञान संस्थेत इंग्वार गुस्ताव्हसन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली प्रयोगशाळा पुढे ‘व्हिसीर’ या नावाने नावारूपाला आली. विद्यार्थी घरी बसून पडद्यावरच्या ब्रेडबोर्डवर माउसने रेझिस्टर, कपॅसिटर बसवतो, तारा जोडतो. मापनाचा आदेश दिला की तिकडे प्रयोगशाळेत रिले बदलतात, खऱ्या घटकांचे तेच सर्किट जुळते, खरी उपकरणे ते मोजतात आणि आकडे परत येतात. उपकरणाला धोका पोहोचवणारी जोडणी आधीच अडवली जाते. एका मापनाला सेकंदाचा अंश पुरतो, त्यामुळे एकाच टेबलावर एकाच वेळी अनेकांचे काम होते. स्पेन, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया येथील संस्थांनी ही पद्धत उचलली.

आपल्याकडे काय? २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अभियानातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी त्यात आहेत. काम मोलाचे आहे, पण त्यातले बहुतांश प्रयोग सिम्युलेशनचे आहेत आणि इथेच गफलत होते. एक किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन साधा लो-पास फिल्टर केला, तर सूत्राप्रमाणे त्याची कटऑफ वारंवारता १,५९२ हर्ट्झ येते. सिम्युलेशनही दरवेळी तेवढीच दाखवते. प्रत्यक्षात रेझिस्टर पाच टक्के आणि कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो. तेव्हा उत्तर साधारण १,३८० ते १,८६० हर्ट्झच्या दरम्यान कुठेही पडेल. हा फरक कुठून आला, याचा शोध घेणे म्हणजेच अभियांत्रिकी. सिम्युलेशनमध्ये तो प्रश्नच उभा राहत नाही. दुरून चालवलेल्या खऱ्या सर्किटवर तो पहिल्याच मापनात उभा राहतो.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. आयआयटी मुंबईने एक छोटा हीटर, पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर एका बोर्डावर बसवून नियंत्रण प्रणालीचे प्रयोग दूरच्या विद्यार्थ्यांना खुले केले. उपकरण साधे, पण तापते ते खरेखुरे.

दुरून जमत नाही असेही बरेच काही आहे. सोल्डरिंग, ढिला पडलेला संपर्क बोटाने चाचपून शोधणे, उलटा लावलेला कपॅसिटर गरम होताना ओळखणे हे टेबलाशी उभे राहूनच येते. म्हणून दूरस्थ प्रयोगशाळा दाखवून प्रॅक्टिकलचे तास कापण्याचा किंवा उपकरणांची खरेदी टाळण्याचा प्रयत्न कोणी केला, तर त्याला प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ठाम विरोध करावा. दूरस्थ प्रयोगशाळेची खरी जागा तासाच्या आधी आणि नंतर आहे. तासाला येण्यापूर्वी सर्किट एकदा जोडून पाहावे आणि अडलेले मापन रात्री पुन्हा घेता यावे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्याला, त्याच्या महाविद्यालयात नसलेले उपकरण त्यामुळे वापरायला मिळेल.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी मिळून अशी एक तरी प्रयोगशाळा उभारावी, तिच्या देखभालीसाठी कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमावा आणि तिथे विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली, सर्व्हरवर नोंद झालेली मापनेच जर्नलमध्ये ग्राह्य धरावीत. येत्या शैक्षणिक वर्षापासून पहिल्या दोन-तीन प्रयोगांनी सुरुवात करता येईल.