पाठीवरचे पोते आणि आपली कटिबस्ती

दसरा उलटला की आमच्या जालना जिल्ह्यातील मोंढ्यांवर सोयाबीनची आवक वाढते आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत माझ्या चिकित्सालयात कटिशूलाचे रुग्ण वाढू लागतात. मागाहून तूर येते, हरभरा येतो आणि ही रांग उन्हाळ्यापर्यंत टिकते. बाजारपेठेच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना हा अनुभव नवा नसावा.

अडतिशीतील एक हमाल सलग तीन वर्षे माझ्याकडे येत होता. डाव्या पायाची गृध्रसी. कंबरेपासून निघालेली कळ पोटरीतून अंगठ्यापर्यंत जाई, पाय सरळ ठेवून उचलता येत नसे. स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती, निरूह-अनुवासनाचा क्रम, पोटात रास्नादी क्वाथ अशी यथाशास्त्र चिकित्सा केली. उपशय उत्तम मिळे. महिनाभराने तो हसतमुखाने कामावर जाई आणि पुढील हंगामात पुन्हा दारात उभा राही. तिसऱ्या वर्षी निघताना तो सहज म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही पाठ नीट करता ती पुन्हा पोत्याखालीच घालायला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र त्या दिवशी उरलेले रुग्ण तपासताना लक्ष लावू शकलो नाही.

भारवहन हा हेतू आपल्या संहितांना ठाऊक नाही असे कोण म्हणेल? चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाच्या चार कारणांत साहसाला स्थान दिले आणि साहसाचे प्रकार सांगताना शक्तीबाहेर ओझे वाहण्याचा स्पष्ट उल्लेख केला. क्षतक्षीणाच्या हेतूंतही जड भार आहेच. सुश्रुताचार्यांनी अंत्रवृद्धीची कारणे सांगताना भारहरण प्रारंभीच नोंदविले आहे. मोंढ्यावरील हमालांमध्ये अंत्रवृद्धीचे रुग्ण ज्यांनी पाहिले असतील त्यांना या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. व्यायाम अर्धशक्तीपर्यंतच करावा, हा नियम तर प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात आपण केसपेपरवर 'वातप्रकोप' लिहितो, तेल देतो आणि उठताना रुग्णास बजावतो, "जड उचलू नका." ज्याची चूल पोते उचलल्यावरच पेटते त्याला असे सांगणे म्हणजे निदानपरिवर्जन नव्हे, ती आपली सुटका आहे.

हे टोचले म्हणून मी एका बाजार समितीच्या आवारात हमालांसाठी प्रशिक्षण शिबिर घेतले. एक तासाचा कार्यक्रम. भिंतीवर तक्ता लावला: गुडघे वाका, पाठ ताठ ठेवा, वजन छातीशी धरा, पायांच्या जोरावर उठा. मी स्वतः एक खोके उचलून दाखविले. चाळीसएक हमाल शांतपणे बसले होते. चहा झाला, आभार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम पाहावयास गेलो तर काम अगदी पूर्वीप्रमाणेच चालले होते. टोळीच्या ज्येष्ठ मुकादमांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही दाखवलं तसं पोतं आम्ही उचलतच नाही."

खरोखरच उचलत नाहीत. मी तक्ता आणला होता तो खोक्यांच्या कामाचा. मोंढ्यावर दोघे जण पोत्याचे कोपरे धरून ते वर उचलतात आणि पुढे वाकून उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या पाठीवर देतात. वाहणारा माणूस जमिनीवरून काहीच उचलत नाही. त्याचा धोका पुढे असतो: ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवर चढताना, पावसाने निसरड्या झालेल्या फरशीवर, आणि सर्वांत अधिक म्हणजे थप्पीवर पोते टाकताना. त्या क्षणी तो कंबरेतून वाकलेला असतो, त्याच स्थितीत एका अंगाला पिळला जातो आणि भार एकदम सुटतो. वाकणे आणि पिळणे एकत्र आले की कटिकशेरुकांमधील चकतीवर सर्वाधिक ताण येतो, हे आधुनिक शारीरशास्त्र सांगते. उरले ते दोन देणारे. लोकांना ओझे दिसते ते वाहणाऱ्याच्या पाठीवर. पण हंगामाच्या दिवसांत जमिनीपर्यंत शेकडो वेळा वाकतात ते देणारे. त्यानंतर मी माझ्या रुग्णांना विचारू लागलो, "तुम्ही देता की वाहता?" कटिशूलाच्या रुग्णांत देणारे बरेच निघाले. इतकी वर्षे हा प्रश्न मला सुचला नव्हता याची आज लाज वाटते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण करतो. त्यातील प्रश्न रुग्णाच्या कामापर्यंत क्वचितच पोहोचतो.

पुढील हंगामात मी सात-आठ सकाळी मोंढ्यावर नुसता उभा राहिलो. त्यातून जे दिसले त्यावरून प्रशिक्षणाविषयी माझे मत बदलले. शिकविण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र ते टोळीला, कामाच्या जागी आणि तिच्या पद्धतीला धरून शिकवावे लागते. दोन्ही देणाऱ्यांनी एका आवाजावर उचलावे. एकाने आधी ओढले की दुसऱ्याची कंबर जाते. थप्पीजवळ कंबर न पिळता पावले टाकून अंग वळवावे. देणारे आणि वाहणारे यांनी ठरावीक वेळाने अदलाबदल करावी. सकाळच्या गारठ्यात पहिली खेप क्विंटलांच्या भरीला लागण्यापूर्वी अंग मोकळे करावे. येथे आपला अभ्यंग आणि काही सोपी आसने उपयोगी पडतात. थप्पी खांद्याच्या वर गेली की पायाखाली पायरी घ्यावी. आणि कळ पायात उतरू लागली की त्याच दिवशी सांगावे. मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन हंगाम ओढू नये. जठर आणि वृक्क यांची त्या गोळ्यांनी होणारी हानी आपण रोज पाहतोच.

एका आडत्यांनी माझ्या सांगण्यावरून गुडघ्याच्या वर येईल असा लाकडी ओटा करून घेतला. तोललेले पोते जमिनीवर न ठेवता ओट्यावर ठेवतात आणि तेथून पाठीवर देतात. खर्च किरकोळ. एका दुकानावरून सिद्धांत मांडणे शास्त्राला धरून होणार नाही, पण त्या दुकानावरील देणारे सांगतात की संध्याकाळी जेवायला मांडी घालून बसता येते. मला तेवढे पुरेसे वाटले. कमरेच्या पट्ट्याबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. पट्टा बांधला की माणसाला बळ आल्याचा भास होतो आणि तो अधिक उचलतो.

आता जे बोलावयाचे ते अप्रिय आहे. उचलण्याच्या तंत्राचे नुसते प्रशिक्षण दिल्याने कटिशूल टळतो असा भक्कम पुरावा नाही. जगभरातील अशा प्रयोगांचा आढावा घेणारी परीक्षणे प्रसिद्ध झाली आहेत आणि त्यांचा निष्कर्ष प्रशिक्षणाच्या बाजूने नाही. कारण उघड आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात सर्व परिस्थिती आदर्श असताना एका माणसाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. आमच्याकडील कट्टा ५० किलोचा, आणि शेतकऱ्याने घरून दाबून भरलेले पोते साठीच्याही पुढे जाते. ज्या वजनाला कोणतेही तंत्र सुरक्षित करू शकत नाही, त्याचे तंत्र शिकवून आपण दोष हमालाच्या माथी मारतो: 'शिकवले होते, नीट उचलले नाही.' म्हणून प्रशिक्षण हवेच, पण ते वजन कमी करण्याच्या जागी नव्हे.

या बाबतीत आपल्याच व्यवसायातील एका ज्येष्ठाचे स्मरण करणे उचित होईल. डिसेंबर २०२५ मध्ये निवर्तलेले डॉ. बाबा आढाव यांना महाराष्ट्र हमालांचे नेते म्हणून ओळखतो. ते आयुर्वेदाचे चिकित्सक होते आणि पुण्याच्या नाना पेठेत त्यांनी दवाखाना चालविला, हे आपल्या तरुण वैद्यांपैकी अनेकांच्या कानी नसते. १९५० च्या दशकात त्यांनी हमाल पंचायत उभी केली. त्यांच्या राजकीय मतांशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. परंतु दवाखान्यात येणाऱ्या श्रमिकाच्या व्याधीचा हेतू शोधत वैद्य त्याच्या कामापर्यंत पोहोचू शकतो, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, तो अशा चळवळींच्या रेट्यातून. पूर्वी धान्य-साखरेचे पोते शंभर किलोचे असे; ते निम्म्यावर यावे ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली होती. शंभराच्या पोत्याखाली उभी हयात काढलेले वृद्ध आजही माझ्याकडे येतात. त्यांची मान आणि कंबर पाहिली की अर्धे वजन म्हणजे काय ते कळते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली वजनमर्यादेविषयी करार केला. त्याच्या सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोहून अधिक भार असेल तर तो शक्य तितक्या लवकर तेथवर खाली आणावा असे म्हटले आहे. आणि ओझी वाहण्याच्या कामावर नेमण्यापूर्वी कामगारास कार्यपद्धतीचे पुरेसे प्रशिक्षण द्यावे, असे त्या कराराचे पाचवे कलम सांगते. भारताने हा करार २०१० मध्ये स्वीकारला. आमच्या भागात हमालीला आलेल्या एखाद्या मुलाला 'नेमण्यापूर्वी' काही शिकविले गेल्याचे मी तरी ऐकले नाही. तो बापाच्या किंवा चुलत्याच्या मागे उभा राहतो आणि पाठ पुढे करतो. वजन कमी करणे अशक्य असते असेही नाही: २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. हेतू खताचा वापर घटविण्याचा होता, हमालाचा विचार त्यात नव्हता. तरी पाठीवरचे पाच किलो उतरलेच.

यावर आक्षेप येतील. आडते म्हणतील, बारदाना वाढेल, शिलाई वाढेल. हे खरे आहे. हमालही म्हणतील, पोते हलके झाले तर खेपा वाढतील आणि मजुरी पोत्यावर ठरलेली, तर दर घटतील. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मजुरी नगावर असेपर्यंत विश्रांती म्हणजे बुडालेला पैसा, आणि अर्धशक्तीचा नियम तेथेच कोलमडतो. यासाठी हमालीचे दर ठरताना वजन हलके करण्याचा विचार व्हावा, आणि प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या वेळेत धरून त्याची मजुरी मिळावी. माझ्या पहिल्या शिबिरात त्या चाळीस जणांचा एक तास मी फुकट घेतला होता, हेही येथे कबूल करतो.

तिसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: "हे आपले काम नव्हे, आपण चिकित्सा करावी." तसे असेल तर स्वस्थवृत्त हा विषय अभ्यासक्रमातून वगळावा. मोफत तपासणी शिबिरे, तेलाच्या बाटल्यांचे वाटप, वर्तमानपत्रातील छायाचित्र हे आपण हौसेने करतो. मीही केले आहे. त्याच आवारात फळीची रुंदी किती असावी, हे बाजार समितीला लेखी सांगण्यात आपल्याला संकोच का वाटावा?

स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात, कित्येकदा गरोदरपणात. तेथे मुकादम, उचल आणि कारखाना यांचा गुंता आहे. मोंढ्याचे उपाय जसेच्या तसे तेथे चालणार नाहीत.

एक गोष्ट वैद्यबंधूंना कळकळीची. गृध्रसीच्या रुग्णात मूत्रप्रवृत्ती अडखळणे, मलवेगावर ताबा न राहणे, जननेंद्रियाभोवतीची संवेदना जाणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर बस्तीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी त्यास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. त्यात तासांचा हिशेब असतो.

माझी सूचना मर्यादित आहे. संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या बाजारपेठेतील एक टोळी निवडावी, हंगामापूर्वी चार सकाळी ती पाहावी आणि मगच तक्ता काढावा. तक्ता मुकादमांच्या सल्ल्याने काढावा. फळी, ओटा, थप्पीची उंची, आवारातील खड्डे आणि पोत्याचे प्रत्यक्ष वजन एवढ्या पाच बाबींचे टिपण बाजार समितीस द्यावे. कटिशूलाच्या केसपेपरवर 'देणारा की वाहणारा' हा रकाना घालावा. दोन हंगामांच्या नोंदी एकत्र केल्या तर आपल्याजवळ बोलण्यासारखे काही असेल. आमच्याकडे येत्या सोयाबीनपूर्वी, बाजार बंद असलेल्या दिवशी, पहिला वर्ग ठरला आहे. त्या दिवसाची मजुरी तीन आडत्यांनी देऊ केली आहे. माझा तो गृध्रसीचा रुग्ण आता पोते वाहत नाही, तोलकाट्यावर बसतो. त्याचा धाकटा मुलगा मात्र यंदा टोळीत आला आहे आणि वर्गाच्या यादीत त्याचे नाव पहिले आहे.