ट्रॅक्टरची ताकद आणि चालवणाऱ्याची कंबर

घरात ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा?" दुसरा किमतीचा, तिसरा डिझेल किती खातो याचा. "त्यावर बसणार कोण आणि दिवसाचे किती तास?" हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आरोग्याच्या सदरात ट्रॅक्टर खरेदीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण कंबर धरून दवाखान्यात येणाऱ्या पुरुषांना मी कामधंदा विचारतो, तेव्हा "ट्रॅक्टरवर असतो" हे उत्तर वारंवार ऐकायला मिळते. यातल्या अनेकांच्या दुखण्याची सुरुवात डीलरच्या दुकानातच होते, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

समजा, दोन ट्रॅक्टर पसंतीस उतरले आहेत. किंमत जवळपास सारखीच. एक पन्नास एचपीचा, पण सीट साधी. दुसरा बेचाळीस एचपीचा, पण सीट चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारी, पाय ठेवायला सपाट जागा, गिअर बाजूला आणि पॉवर स्टेअरिंग. दहापैकी आठ घरे पन्नास एचपीवर बोट ठेवतील. गावात ट्रॅक्टरची किंमत एचपीवरून होते आणि मालकाचीही! पण निर्णय घेण्याआधी हादऱ्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

मोटारीच्या चारही चाकांवर स्प्रिंगा असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना असे काहीही नसते. चाक ढेकळावर चढले की तो धक्का सरळ सांगाड्यात आणि तिथून सीटमध्ये येतो. मध्ये दोनच गोष्टी आडव्या येतात, टायरमधली हवा आणि सीटखालची स्प्रिंग. पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. १९३२ साली अमेरिकेत हवेच्या रबरी टायरचा ट्रॅक्टर बाजारात आला, तेव्हा कुठे पहिला आराम मिळाला. लोखंडी धावेच्या बैलगाडीतून जे टायरच्या गाडीत बसले, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

आता शरीराकडे वळू. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका झोका दिला तरी तो उंच जातो. माणसाच्या धडाचेही तसेच आहे. सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा वर-खाली होणारा हादरा बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त हलवतो. ट्रॅक्टरचे पुष्कळसे हादरे याच्या आसपासचे असतात. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळून धरतात आणि तासाभरात थकतात. मग भार मणक्यांवर आणि त्यांच्या मधल्या चकत्यांवर पडतो. मोठेपणी या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे त्यांची झीज भरून यायला फार वेळ लागतो. भरीस भर म्हणजे नांगर किंवा रोटाव्हेटर पाहण्यासाठी चालक दर मिनिटाला मान आणि कंबर मागे वळवतो. वळलेल्या कंबरेला बसलेला धक्का सरळ बसलेल्या कंबरेपेक्षा जास्त घातक असतो.

हे केवळ अंदाज नव्हेत. १९९४ साली इटलीतील संशोधकांनी ११५५ ट्रॅक्टरचालकांची तुलना कचेरीत बसून काम करणाऱ्या २२० जणांशी केली. चालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळली. जितकी वर्षे जास्त हादरे आणि जितकी बसण्याची पद्धत वाईट, तितके दुखणे जास्त. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या हादऱ्यांवर नियमच केला. आठ तासांच्या दिवसासाठी हादऱ्याची सरासरी तीव्रता ०.५ या मापाच्या वर गेली की मालकाने उपाययोजना सुरू केली पाहिजे आणि १.१५ ही मर्यादा ओलांडता कामा नये. कंबरेचा विचार कायद्याने करावा लागतो, एवढे तरी त्यातून लक्षात यावे.

ताकदीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट करायची आणि ट्रॅक्टर लहान, तर तो दम खातो, दोन दिवसांचे काम तीन दिवसांवर जाते. म्हणजे चालक एक दिवस जास्त हादरे खातो. कामापेक्षा कमी ताकदीचा ट्रॅक्टर हीसुद्धा कंबरेला शिक्षाच आहे. त्यामुळे जमीन कोणती, अवजार कोणते आणि ट्रॉली किती भाराची, हे पाहून लागेल तेवढी ताकद घ्यावीच. द्राक्षबागेत वीस-बावीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर पुरतो. उसाची ट्रॉली ओढणाऱ्याला तो पुरणार नाही.

माझा आक्षेप आहे तो गरजेपेक्षा जास्तीच्या एचपीला. हा जास्तीचा जोर बहुधा वेग वाढवण्यात खर्च होतो आणि वेग वाढला की हादरे वाढतात. इथे एक साधे गणित आहे. हादऱ्याची तीव्रता दुप्पट झाली, तर शरीराला तेवढाच त्रास चौपट लवकर, म्हणजे पाव वेळातच होतो, असे या विषयातले शास्त्र धरते. काम आठ तासांऐवजी चारच तासांत उरकले, पण त्यासाठी हादरा दुप्पट सोसला, तर वेळ निम्मा होऊनही कंबरेवरचा बोजा दुप्पटच झाला. जिंकल्यासारखे वाटते, पण कंबर हरलेली असते.

त्यातही निवड करतो एक आणि सोसतो दुसराच, हे मला सर्वांत जास्त खटकते. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर मालक पाच मिनिटे सीटवर बसून बघतो. पुढची दहा वर्षे त्या सीटवर बसतो तो पगारी ड्रायव्हर किंवा घरातला धाकटा मुलगा. त्यांचे मत कोणी घेत नाही. ऊस तोडणीच्या हंगामात रात्रंदिवस ट्रॉल्या ओढणारी विशी-पंचविशीतली मुले मी पाहतो. त्यांची कंबर गेली तर वॉरंटी कोण देणार? इंजिन उघडून नवे पिस्टन बसवता येतात, झिजलेली चकती पूर्वीसारखी करून देणारा मेस्त्री अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : कामाला पुरेल एवढी ताकद आधी ठरवा. दोन्ही ट्रॅक्टर त्यात बसत असतील, तर जादा एचपी सोडा आणि चांगली सीट घ्या. सौदा करण्याआधी जो चालवणार आहे त्याला तो ट्रॅक्टर आपल्याच रानात, आपल्याच अवजारासह तासभर चालवू द्या आणि उतरल्यावर त्याला विचारा.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आधीच आहे, त्यांनीही निराश होऊ नये. सीटखाली वजन जुळवण्याची मूठ असेल तर ती वापरा. माणूस बसल्यावर सीट साधारण मधोमध राहिली पाहिजे. ऐंशी किलोच्या माणसासाठी घट्ट केलेली सीट पंचावन्न किलोच्या मुलाला दगडासारखी लागते, उलट सैल सीट खाली आपटते. फाटका फोम आणि बसलेली स्प्रिंग बदला, त्याला नव्या टायरच्या मानाने फारच कमी पैसे लागतात. टायरमधली हवा शेतासाठी वेगळी आणि वाहतुकीसाठी वेगळी असते, ती पुस्तिकेप्रमाणे ठेवा. पकड मिळावी म्हणून टायरमध्ये भरलेले पाणी टायर कडक करते, गरज संपली की ते काढून घ्यावे. खराब रस्त्यावर वेग कमी करा. तासा-दीड तासाने खाली उतरून पाच मिनिटे चाला. उतरताना उडी मारू नका, आणि उतरल्याबरोबर खताची पोती उचलू नका, कारण थकलेल्या स्नायूंना तेव्हा कंबर सांभाळता येत नाही. मडगार्डवर तर कोणालाच बसवू नये, ती जागा जीवघेणी आहे. गरोदर स्त्रियांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा प्रवास टाळावा.

कंबरेला पट्टा बांधून बारा तास ट्रॅक्टर चालवणारे पुष्कळ आहेत. पट्ट्याने हादरा शरीरात शिरायचा थांबत नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते, त्यासाठी महिनाभर अंथरूण धरण्याची जरुरी नसते, हालचाल चालू ठेवलेलीच बरी. मात्र कळ गुडघ्याखाली उतरू लागली, पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. पाऊल लुळे पडले, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर एक दिवसही न थांबता मोठे रुग्णालय गाठा.

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर आपण नव्या ट्रॅक्टरला हार घालतो, पेढे वाटतो. त्या दिवशी सीटवर बसणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा. ट्रॅक्टर शेवटी त्याच्याच कंबरेच्या जोरावर चालतो.