वस्ती ही प्रयोगशाळा नव्हे!

पावसाळा सुरू झाला की मुंबई-पुण्यातील समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी हातात नोंदवही घेऊन झोपडपट्ट्यांतून हिंडू लागतात. आठवड्यातील दोन दिवस ‘क्षेत्रकार्य’ आणि उरलेले दिवस वर्ग, ही या शिक्षणाची रूढ पद्धत. वैद्य जसा रुग्णाच्या खाटेपाशी घडतो तसा समाजसेवक वस्तीत घडावा, ही तिच्यामागची कल्पना कोणासही मान्य व्हावी अशीच आहे. परंतु त्या दोन दिवसांची आज जी दशा झाली आहे, तिच्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या शहरात समाजसेवेचे शिक्षण जन्मास आले तेच मुळी वस्तीच्या कुशीत. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये काढली. त्या काळी या विषयाची पदवी देणारे कोणीच नव्हते. चाळींचे जिने हीच पाठशाळा होती. पुढे १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या विश्वस्तनिधीतून देशातील पहिले समाजकार्य विद्यालय निघाले, ते भरू लागले नागपाड्यातील नेबरहुड हाऊसच्या इमारतीत. वर्गाचा उंबरठा ओलांडला की विद्यार्थी दाट वस्तीत उभा! त्याच विद्यालयाचे पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. नंतर अशी महाविद्यालये राज्यभर पसरली. इमारती वाढल्या ही आनंदाची गोष्ट. पण वर्ग आणि वस्ती यांतील अंतरही वाढले, हे कसे नाकारावे?

या दोन दिवसांत प्रत्यक्ष घडते काय? विद्यार्थी सकाळी दहाला येतो आणि सायंकाळी पाचला परततो. त्या वेळी वस्तीतील कर्ती माणसे कामावर गेलेली असतात. नळाला पाणी येते पहाटे, भांडणे होतात तीही पहाटे नळावरच. आणि मंडळाची बैठक भरते रात्री जेवणे आटोपल्यावर. म्हणजे वस्ती जेव्हा खऱ्या अर्थाने जागी असते तेव्हा तिचा अभ्यासक तेथे नसतो. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना तो विचारतो, घरात माणसे किती, मिळकत किती, दारू कोण पितो? गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने हेच विचारले होते, पुढील वर्षीचाही हेच विचारील.

शिवाय झोपडपट्टीत ‘सर्वेक्षण’ हा शब्द निरुपद्रवी नाही, हे वर्गात कोणी शिकवते काय? १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत पुनर्वसन आणि नंतरच्या झोपडीला ते नाही, असा जेथे कायद्याचा दंडक, तेथे कोणाचा कागद ग्राह्य ठरतो यावर डोक्यावरचे छप्पर अवलंबून असते. हातात तक्ता घेऊन आलेला अनोळखी तरुण महापालिकेचा, बिल्डरचा की महाविद्यालयाचा, हे त्या बाईने कसे ओळखावे? तिने खोटे उत्तर दिले तर तो तिचा शहाणपणा होय. आणि त्या उत्तरांवर रचलेला अहवाल, बहुधा इंग्रजीत, महाविद्यालयाच्या कपाटात जातो.

आम्ही विद्यार्थ्यांना दोष देत नाही. विशी-बाविशीच्या या मुलामुलींना गुण मिळतात ते नोंदवहीतील पानांवर. साहजिकच ती पाने भरण्याची त्यांना घाई असते. दोष योजनेचा आहे. वस्तीकडून शिकावयाचे असते, हे योजनेत कोठेच लिहिलेले नाही.

ते शक्य आहे याचे दाखले याच महाराष्ट्रात आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला गेले. गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. मग त्यांनी गावच्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर, कित्येक दलित. परंतु कोणत्या घरात मूल अशक्त आहे आणि ते का, हे त्यांना विचारावे लागत नसे. पुढे देशविदेशातील डॉक्टर या स्त्रियांकडून शिकावयास जामखेडला येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींनाच विचारले, तुम्हांला दवाखाना कसा हवा? आदिवासींच्या घरांसारख्या झोपड्यांचा तो दवाखाना देवी दंतेश्वरीच्या नावाने उभा राहिला.

निरक्षर बाई पदवीधराला काय शिकविणार, असे विचारणाऱ्यांनी जामखेडचा रस्ता धरावा. वस्तीतील अनुभवी स्त्रीपुरुषांना क्षेत्रकार्याचे शिक्षक म्हणून रीतसर नेमावे आणि त्यांना मानधन द्यावे. आज ते आपला वेळ फुकट देतात, वर चहाही पाजतात! विद्यापीठांना हा खर्च जड जाईल, असे कोणी म्हणेल. पाहुण्या व्याख्यात्यांच्या भत्त्यांना पैसा मिळतो, तर याला का मिळू नये? विद्यार्थ्याने दोन वर्षे एकाच वस्तीत काम करावे, आणि त्याच्या वेळा महाविद्यालयाच्या घंटेवर न ठरता नळाच्या आणि बैठकीच्या वेळांवर ठराव्यात. मुलींच्या रात्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी वस्तीतच एखाद्या कुटुंबात उतरण्याची सोय करता येईल. तशी सोय करण्याइतका विश्वास वस्तीने टाकला, तर निम्मे शिक्षण तेथेच झाले असे आम्ही समजू.

अहवालाविषयी मात्र आमचा आग्रह आहे. तो वस्तीच्या भाषेत लिहिला जावा. विद्यापीठाकडे गुण धाडण्यापूर्वी तो वस्तीच्या समाजमंदिरात सर्वांसमोर वाचून दाखवावा, आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे त्यांना त्यातील चुकीच्या ओळी खोडण्याचा अधिकार असावा.