पतंगाला दिवा आवडत नाही

मंडळी, पतंग दिव्यावर प्रेम करतो आणि जळून मरतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. शायर लोकांची सोय झाली, पण पतंगाची बाजू कोणी ऐकलीच नाही!

२०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. रात्रीच्या किड्यांचं उडणं वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं, तर दिसलं की ते दिव्याकडे झेपावत नाहीत, त्याच्याकडे पाठ करतात. वीज नव्हती तेव्हा रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश. पाठ तिकडे ठेवली की तोल सांभाळला जायचा. आता बाजूलाच दिवा असला की हे गणित फसतं आणि बिचारा गोल गोल फिरत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर, इनपुट चुकीचा. इन्फिनिट लूप :)

यात त्याचं किती जातं? आपल्या सह्याद्रीतला मून मॉथ घ्या. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा. पंख फुटल्यावर तो काही खातच नाही, आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधतो. त्यातली एक रात्र दिव्याभोवती गेली तर उरलं काय?

निसर्गाशी जुळवून घेण्यात पतंग कमी नाहीत हो. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातला आर्क्टिक वूली बेअर बघा. तिथला उन्हाळा इतका छोटा की सुरवंटाचा पतंग व्हायला सातेक वर्षं लागतात. दर हिवाळ्यात तो चक्क गोठतो आणि बर्फ वितळलं की पुन्हा खायला लागतो. पण हे जमायला त्याच्या पिढ्यांना हजारो वर्षं मिळाली. चाकणला मोठे कारखाने आले ते गेल्या पंचवीसेक वर्षांत, आणि त्याच खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल आहे.

आता कोणी म्हणेल, सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंधारात घरी जायचं का? अजिबात नाही. रस्त्यावर उजेड हवाच. पण तो रस्त्यावर हवा, आभाळात कशाला? दिव्याला वरून टोपी घाला, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावा, रिकाम्या यार्डात सेन्सर बसवा. विजेचं बिलही कमी होईल.

असो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगचं भांडण संपलं, की हा एक मुद्दा मांडून बघा.